आधी शांत, मग बंद

माझा मामा 'संगणक बंद पडला' असं कधी म्हणत नाही. 'शांत झाला' म्हणतो. आमच्याकडे समई विझत नाही, शांत होते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना चुकून 'जाते' म्हटलं तर आई अजूनही दारातून मागे बोलावते आणि 'येते' म्हणायला लावते. मामा याच भाषेत वाढला, आणि निवृत्तीनंतर त्याने घरात संगणक आणला तेव्हा त्यालाही त्याने याच भाषेत बसवून टाकलं. माझं पोट संगणकदुरुस्तीवर चालतं, त्यामुळे मला ते ऐकून हसू यायचं. ही हकिगत त्याच एका शब्दाची आहे.

मी डोंबिवलीत राहते. डोंबिवली-कल्याणमधले काही दवाखाने, क्लासेस, एक-दोन शाळांची ऑफिसं, यांचे संगणक माझ्याकडे असतात. माणसं बिघाड सांगतात तो आपापल्या शब्दांत. कुणाचा हँग होतो, कुणाचा अडकतो, कुणाचा उडतो, एका डॉक्टरीणबाईंचा हिरमुसतो. ते ऐकायचं आणि मनातल्या मनात यंत्राच्या भाषेत आणायचं, हे माझं अर्धं काम. रोज बिघडणारं यंत्र सोपं असतं. एकदाच बिघडून कायमचं बसलेलं त्याहून सोपं. वाट लावतं ते मधूनच बिघडणारं. मी उंबरठ्यात चपला काढेपर्यंत ते बंद असतं आणि मी समोर बसले की पाहुण्यांसमोर पोर शहाण्यासारखं वागतं तसं चालायला लागतं. मालक ओशाळून म्हणतात, 'अहो, आत्ता आत्तापर्यंत होत होतं हो!' मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. ठेवावाच लागतो, नाहीतर पुढे शोधायचं काय?

मामा ठाकुर्लीला राहतो. ठाण्याच्या एका कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसात होता, त्यामुळे हात नीटनेटका, रेघ सरळ. पत्रिका मांडायला तो आजोबांकडून शिकला. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीतले लोक त्याच्याकडे जन्मपत्रिका करायला, गुण जुळवून घ्यायला यायला लागले. आकडेमोड तो हातानेच करतो, पण लोकांना हल्ली छापलेला कागद लागतो, म्हणून संगणक. तो संगणक आता म्हातारा झाला आहे. त्यातलं पत्रिकेचं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालत नाही, आणि मामाला दुसरं सॉफ्टवेअर पटत नाही. मी कितीदा सांगून पाहिलं. त्याने दर वेळी मान डोलावली आणि काहीच केलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरत आलं. मामाची ती एकुलती एक. ठाण्याला ज्या ऑफिसात ती काम करते तिथलाच मुलगा, खडवलीचा. घरी नदीकाठी थोडी जमीन, आईवडील साधे, मुलगा तर इतका साधा की पहिल्यांदा मामाकडे आला तेव्हा जाताना स्वतःचा कप विसळून ठेवून गेला. मामी त्या कपावरच फिदा झाली. दोन्ही घरांत होकार होता. राहिली होती फक्त पत्रिका. मामाने हाताने गुण मांडले, चांगले जुळले. मग एक बरा दिवस बघून तो छापायला म्हणून संगणकावर बसला, दोघांच्या जन्मवेळा घातल्या, आणि संगणक शांत झाला.

लगेच मामीचा मला फोन आला. मी गेले, संगणकाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने डोंबिवलीला आणला, गॅलरीत ठेवून ब्लोअरने फुंकला. आमच्या धंद्यात पहिलं काम हेच, आधी धूळ, मग बाकीचं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. मग आठवडाभर त्याला जुंपून ठेवलं. एकदाही बंद झाला नाही. ठणठणीत आहे म्हणून परत नेऊन दिला. मामाने पुन्हा दिवस बघितला, पुन्हा बसला, आणि दोघांची नावं एका पानावर आली न आली तोच पुन्हा तेच.

या वेळी मामाने मामीला फोन करू दिला नाही. हाताने मांडलेला कागद त्याने घडी करून कपाटात ठेवला आणि खडवलीला कळवलं की थोडं थांबू. का थांबायचं, ते कुणाला सांगितलं नाही. घरात मात्र सगळ्यांना कळलं होतं. इतर वेळी तो संगणक कुणाच्याही जन्मपत्रिका छापतो, विजेची बिलं भरतो, मामा त्यावर क्रिकेट बघतो, आणि लेकीचं लग्न समोर आलं की शांत होतो. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. दोनदा झाल्यावर मामासारख्या माणसाने काय समजायचं?

मामेबहिणीने मला फोन केला तेव्हा ती ऑफिसच्या जिन्यात उभी होती. "ताई, तू ये ना. तो डबा बघ एकदा नीट. मोबाइलवर हे सगळं फुकटात होतं गं, आम्ही दोघांनी कधीच बघितलेलं, मस्त जुळतंय. पण पप्पांना कोण सांगणार? ते काही बोलतच नाहीयेत. नुसते बसून असतात." आणि मग जरा थांबून, "मी त्यांच्या मनाविरुद्ध नाही करणार. ते पण मला माहितीये, त्यांना पण माहितीये. त्याचाच राग येतोय."

मी ठरवलं, की डबा हलवायचा नाही. जिथे बिघडतो तिथेच बसून बघायचं.

तेव्हापासून कितीतरी दुपारी मी ठाकुर्लीला काढल्या. सकाळची कामं उरकून जायचं, मामीच्या हातचं जेवायचं, आणि मग त्या आतल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसायचं. खोली लहान. खिडकीला लागून टेबल, टेबलावर मॉनिटर, शेजारी उभा डबा. डब्यावर मामीने विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल. डब्याला वरून जाळी आहे, गरम हवा तिथून बाहेर जाते, म्हणून मी पूर्वीच बजावलं होतं की चालू असताना रुमाल मागे सारायचा. मामा ते पाळायचा. मागे सारलेल्या रुमालाची सावली भिंतीवर पडायची आणि दुपार सरेल तशी हळूहळू लांब होत जायची.

मी एकेक गोष्ट बदलून बघत होते. पॉवरची केबल बदलून पाहिली. भिंतीतला प्लग तपासला, एक्स्टेंशन बोर्ड बदलला. व्होल्टेज मोजून पाहिलं, कारण खालच्या मजल्यावर घरघंटी आहे आणि ती सुरू झाली की वरचे ट्यूबलाइट डोळे मिचकावतात. घरघंटी सुरू झाली, दळण संपलं, संगणक जागचा हलला नाही. मामा यायचा, कुणाची तरी जन्मपत्रिका काढायचा, छापायचा, जायचा. सगळं सुरळीत. मग मी नुसती बसून राहायचे. या कामात एक वेळ अशी येते की करण्यासारखं काही उरत नाही, फक्त वाट बघायची असते, आणि तीही वाईट गोष्टीची. डोळे अर्धवट मिटलेले, कानात यंत्राची घरघर, लांबून सावकाश जाणारी मालगाडी, तिचे डबे संपता संपत नाहीत. त्या घरघरीवर मला गुंगी यायची. आपण झोपलोय की जागे आहोत ते कळायचं नाही, आणि खरं सांगते, त्याचं काही वाटायचंही नाही. माझ्या एरवीच्या दिवसांत इतकी स्वस्थता कधी नसते.

अशाच एका दुपारी मामी चहा घेऊन आली आणि चटईवर बसली. तिने संगणकाकडे जरा घाबरूनच बघितलं.

"काय गं, सापडलं काही?"

"नाही ना. माझ्यासमोर तो बिघडतच नाही."

"लग्नाचं असलं की बिघडतो तो," मामी म्हणाली. "सगळ्यांच्या नाही होत तसं. पण होतं कधी कधी. तुझ्या वेळी पण शांतच झालेला की."

मी कप खाली ठेवला. "माझ्या वेळी म्हणजे?"

"अगं, ते कोपरीचं स्थळ नाही का आलेलं तुला? तेव्हा नवीनच आणलेला हा. तुमची दोघांची घातली आणि झाला शांत. हे तेव्हापण असेच बसलेले दोन दिवस. मग तुझ्या आईला म्हणाले, माझं मन घेत नाही." मामीला बोलताना काही वाटलं नाही. तिला वाटत होतं मला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. मला सांगितलं होतं की गुण जुळत नाहीत. तेव्हा मी पंचविशीत होते, आणि गुण नाही जुळत म्हणजे नाही जुळत, त्यावर कोण काय बोलणार? मीही बोलले नाही. त्यानंतर आणखी स्थळं आली, कुणाला माझी स्क्रू ड्रायव्हरची पेटी नको होती, कुणी मलाच नको होतं, आणि मग ते सगळं आपोआप थांबलं. मी सुखात आहे. कुणी विचारलं तर असंच सांगते आणि ते खोटं नाही.

पण कोपरीचा तो मुलगा मला आठवत होता. बघायला आले होते तेव्हा आमच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. मोठी माणसं गावाकडचं बोलत होती. हा मधेच म्हणाला, 'सेल असेल तर द्या, मी बदलतो,' आणि स्टूल घेऊन चढलासुद्धा. त्याच्या आईने कपाळावर हात मारला. मी सेल आणून दिला. त्याने वरूनच मला वेळ विचारली, मी सांगितली, त्याने काटे फिरवले आणि म्हणाला, 'तुमच्या शब्दावर लावलंय हां.' बस, इतकंच. एवढ्यावर कुणी आयुष्य काढत नसतं. पण पुढे कितीतरी महिने मी त्या घड्याळाकडे बघताना हसायचे, हेही खरं.

मामी कप घेऊन गेली. मी तशीच बसून राहिले. खोलीत ऊन होतं, डबा घरघरत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं मी या यंत्राची धूळ पुसत आले होते. त्याने माझ्याबद्दल काय सांगितलं होतं ते त्याच्या पोटात होतं आणि मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी लवकर निघाले. ठाकुर्लीहून डोंबिवलीपर्यंत चालत आले, काहीही विचार न करता, रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत.

दुसऱ्या दिवशी मी मामासमोर जाऊन उभी राहिले. तो आरामखुर्चीत बसला होता.

"मामा, मला एकदा सगळं तसंच करून दाखव. त्या दिवशी केलंस तसं. दिवस बघून, दोघांच्या पत्रिका घेऊन. अगदी जसंच्या तसं."

हे काही मी फार मोठं शोधून काढलं नव्हतं. मधूनच होणारा बिघाड पकडायचा तर तो ज्या अवस्थेत होतो ती अवस्था पुन्हा आणावी लागते. तोवर मी यंत्रच तेवढं मांडलं होतं. मामाला मांडलं नव्हतं.

मामाने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग म्हणाला, "बसेन मी. पण एक सांगतो तुला. या वेळीही शांत झाला, तर मी खडवलीला होकार नाही कळवणार. पोरीला कितीही वाईट वाटलं तरी. माझ्याच्याने मग पुढे जाववणार नाही."

त्याचा आवाज कठोर नव्हता. तो घाबरला होता. एकुलत्या एक लेकीच्या संसारात आपल्या हाताने काही वाईट लोटलं जाऊ नये, एवढीच त्याची भीती. मला त्याचा राग येत होता आणि त्या रागातही त्याची दया येत होती.

मामेबहिणीने मला गॅलरीत ओढून नेलं. "ताई, नको ना. तू असं कर, तू आतलं सगळं नवीन टाक. बाहेरून तोच डबा दिसेल. त्यांना कळणार पण नाही. चालू राहिला म्हणजे झालं ना?"

करता आलं असतं. माझ्याकडे तसलाच एक जुना डबा घरी पडून होता, त्यातलं सगळं यात बसलं असतं आणि मामाचं सॉफ्टवेअरही चाललं असतं. तिचं काम झालं असतं. मी तिच्याकडे बघितलं. तिला तो चालू राहायला हवा होता. मला तो बंद पडायला हवा होता. बंद पडल्याशिवाय मला काहीच दिसणार नव्हतं, आणि मला आता ते बघायचंच होतं. फक्त तिच्यासाठी नव्हे.

"मी शेजारी बसलेली असेन," मी म्हटलं. "बंद पडू देणार नाही. पण बिघडू देणार." तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी जेवणं झाल्यावर मामाने धुतलेला सदरा घातला. मी डब्याच्या बाजूच्या पत्र्याचे स्क्रू आधीच काढून ठेवले होते, पत्रा नुसता टेकवला होता. टॉर्च आणि चिमटा मांडीवर. मामाने संगणक सुरू केला, हात धुऊन आला, आणि मागे सारलेला क्रोशाचा रुमाल पुन्हा नीट डब्यावर अंथरला.

"रुमाल का?" मी विचारलं.

"आसन नको?" तो म्हणाला.

रुमालावर त्याने सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग वाटीतल्या कुंकवाने माखलेल्या अक्षता चिमटीत घेतल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि सुपारीवर सोडल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा सोडल्या. मी ते बघत होते. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कशाला? मी विचारायचे की संगणकावर काय केलं होतंस. हे संगणकाचं काम नव्हतं, देवाचं होतं. जन्मपत्रिकेला हे लागत नाही. लग्नकार्याला लागतं.

अजूनही माझ्या डोक्यात काही उजेड पडला होता असं नाही. मी भिंतीला टेकले आणि कान देऊन बसले. मामा एकेक कळ दाबत सावकाश अक्षरं घालत होता. दारात मामी आणि मामेबहीण उभ्या होत्या, पदर आणि ओढणी हातात गोळा करून. उदबत्तीचा वास पसरला. घरघर चालू होती, रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारखी मला गुंगी आली. मी कुठेतरी नदीकाठी होते. पाण्याचा एकसारखा आवाज येत होता, आणि कुणीतरी उंचावरून मला वेळ विचारत होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि पाण्याचा आवाज थांबला.

मी खडबडून जागी झाले. उकाड्यात छताचा पंखा बंद पडला की गाढ झोपेतला माणूस जागा होतो ना, तशी. खोलीत आवाजच नव्हता. पण पडदा उजळलेला होता. मामा कळा दाबत होता आणि अक्षरं उमटत होती.

"मामा," मी हळूच म्हटलं, "शांत झाला."

"हो," तो म्हणाला. त्याचे हात कळांवरून खाली आले. "असाच होतो. आधी शांत होतो, मग बंद होतो. तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून तो हेच सांगत होता आणि मी त्याचं माझ्या भाषेत 'बंद पडला' असं भाषांतर करत होते. तो समईची भाषा बोलत नव्हताच. तो जे कानाने ऐकत होता तेच सांगत होता.

मी पत्रा बाजूला केला, टॉर्च आत मारला. प्रोसेसरवरचा छोटा पंखा थांबला होता. थांबल्या जागी थरथरत होता, फिरायला बघत होता आणि त्याला फिरता येत नव्हतं. पातं आणि चौकट यांच्या फटीत लाल काहीतरी होतं.

"मामा, ये इकडे. लवकर ये. चष्मा लाव."

तो खुर्चीतून उठून माझ्याशेजारी जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले. मी टॉर्च धरला. त्याने वाकून बघितलं, चष्मा सारखा केला, पुन्हा बघितलं. मी चिमटा त्याच्या हातात दिला. प्रोसेसर तापत चालला होता, आणखी थोड्या वेळाने यंत्राने स्वतःला वाचवायला म्हणून बंद करून घेतलं असतं. मला ते माहीत होतं, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मामाला घाई नव्हती. ड्रॉइंग ऑफिसातला त्याचा तो जुना हात, जराही न हलता, आत गेला आणि एक दाणा घेऊन बाहेर आला. पंखा फिरायला लागला. खोलीत पुन्हा घरघर भरली. पडद्यावर दोघांची नावं तशीच होती.

मामा तळहातावरच्या दाण्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून रुमालाकडे बघितलं, क्रोशाच्या भोकांकडे, त्याखालच्या जाळीकडे. टॉर्चचा उजेड फिरवला तेव्हा डब्याच्या तळाला आणखी दाणे दिसले. काही ताजे लाल. आणि अगदी कोपऱ्यात, हार्ड डिस्कच्या खणाखाली, जिथे ब्लोअरची हवा पोचत नाही, तिथे काही करडे, धुळीत रुतलेले, खूप जुने. सगळे पंख्यात अडकत नव्हते. बहुतेक सरळ खाली पडायचे. एखादाच अडकायचा, तोही पुढे कधीतरी, मामीने झाडताना डबा पुढे ओढला किंवा मी रिक्षातून नेला, की हिसक्याने सुटून पडायचा. मग यंत्र पुन्हा ठणठणीत.

"काय होतं?" मामेबहीण दारातूनच म्हणाली. आत यायचं धाडस तिला होत नव्हतं.

"कचरा होता," मी म्हटलं. "पंख्यात अडकलेला. निघाला."

मला मामाला तिच्यासमोर उघडं पाडायचं नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. तळाचे ते करडे दाणे मला कुणाला दाखवायचे नव्हते.

"कचरा नाही," मामा म्हणाला. "अक्षता आहेत. माझ्या." त्याने तळहात तिच्यापुढे केला. "तू खडवलीला फोन कर. सांग, तुझे पप्पा येतायत." मामेबहिणीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदम रडायलाच लागली. मामी तिला धरून बाहेर घेऊन गेली.

आम्ही दोघं खाली तसेच बसून होतो. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. मला राग आला. एका तांदळाच्या दाण्यासाठी! मी मामाकडे बघितलं नाही. आत बघत राहिले, त्या कोपऱ्यात.

"तुझ्या वेळच्याही त्यातच असतील," मामा म्हणाला.

"तेव्हा लाइट गेली असेल, मामा. इथली लाइट काय, जातेच."

"लाइट गेली नव्हती. मला आठवतंय." मग त्याने विचारलं, आणि इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. "तुला आवडला होता का गं तो?"

पंखा फिरत होता. खिडकीबाहेर मालगाडी जात होती. मला खोटं बोलता आलं असतं, आणि त्याला बरंही वाटलं असतं.

"आवडलेला," मी म्हटलं.

मामाने मान हलवली. हातातला दाणा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला. मी पत्रा उचलून जागेवर बसवला आणि स्क्रू लावायला घेतले. वरचे दोन बसले, खालचा एक बसला. शेवटचा काही केल्या बसेना, समोरचं नीट दिसत नव्हतं. मामाने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो बसवला.